पुराचं पाणी कुणाच्या कमरेएवढं?

चि. ताईस,

अनेक आशीर्वाद.

तुझी वही पोचली. गावच्या पूर-दुष्काळाबद्दल चौदा म्हाताऱ्या माणसांची सांगणी, प्रत्येकाचं वय, गल्ली, तारीख, सगळं नीट. मोतीबिंदू काढल्यापासून रात्री वाचायचं नाही असा काकूचा हुकूम आहे, तरी दोन रात्रींत वही संपवली. तू लिहिलंस, "नाना, काय चुकलं ते सांगा, कौतुक नको." बरं. कौतुक बाजूला ठेवतो.

आधी नवव्या सांगणीवर येतो, कारण त्यातल्या एका ओळीसाठीच एवढं लांब पत्र लिहायला बसलोय. त्या आजींनी पोळ्याच्या आदल्या दिवशीचा पूर सांगितला. खांदेमळणी होती, बैल धुवायला माणसं नाल्यात उतरलेली. पुढचे त्यांचे शब्द तू जसेच्या तसे उतरवलेस: "पानी नव्हतं. ऊन पडेल व्हतं. आनि पूर उना." म्हणजे पाऊस नव्हता, ऊन होतं, आणि पूर आला. आणि त्या ओळीपुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलंस. समासात बारीक अक्षरात लिहिलंस, "विसरल्या असाव्यात."

ते प्रश्नचिन्ह खोडून टाक.

चाळीसेक वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं. गिरणेच्या कालव्यावरून माझी बदली तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी झाली होती. चौकीच्या अंगणात पर्जन्यमापक होतं. रोज सकाळी साडेआठला नरसाळं काढायचं, आतल्या बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, आकडा रजिस्टरात चढवायचा. पंचविशीतला होतो. रजिस्टर म्हणजे मला वेद. त्या पावसाळ्यात एका गावाच्या नाल्याला पूर आला, दोन गोठे गेले, आणि तलाठ्याबरोबर मीही बघायला गेलो. तिथल्या एका म्हातारीनं तुझ्या आजींसारखंच सांगितलं, ऊन होतं म्हणून. मी तिला म्हणालो, "आजी, पावसाबिगर पूर येतो का कुठं?" म्हातारी माझ्याकडे नुसती बघत राहिली. चौकीवर येऊन मी टिपणात ऐटीत लिहिलं, "अतिवृष्टीमुळे नाल्यास पूर." आणि माझ्याच रजिस्टरात त्या दिवसापुढे माझ्याच अक्षरात शून्य होतं! महिन्याभरानं साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा मान वर करता येईना.

उलगडा बाजारात झाला. डोंगरातून डिंक आणि चारोळी घेऊन येणाऱ्या एका पावरा आदिवासी माणसाला मी सहज विचारलं. तो म्हणाला, वर दोन रात्री धो धो होता, पाड्यावरून खाली उतरता येत नव्हतं. खाली मात्र आम्ही कपडे वाळत घातले होते.

तुमचा नाला सातपुड्यातून येतो. हे ओढे-नाले लांबीला लहान आणि उताराला तीव्र. डोंगरात पडलेल्या पाण्याला वाटेत मुरायला, पसरायला फारसा वेळच मिळत नाही, ते काही तासांत तुमच्या गावच्या पुलाखाली हजर होतं. ढग डोंगराला अडतात, तिथेच रिकामे होतात, आणि गावावर लख्ख ऊन. म्हणून पहाडाच्या पायथ्याच्या गावात पुराची आठवण सांगताना कुणी "ऊन होतं" म्हणालं, तर ते माणूस विसरलेलं नाही. उलट ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगतंय याची ती खूण आहे. ऐकीव पूर सांगणारा माणूस हटकून आभाळ भरून आणतो, वीज कडाडवतो. उन्हातला पूर कुणी मनानं रचत नाही.

तापीचीही अशीच एक खोड आहे, तुझ्या वहीत उपयोगी पडेल म्हणून सांगतो. बंगालच्या उपसागरातून निघालेले कमी दाबाचे पट्टे पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतात. आणि मुलताईपासून खंबातच्या आखातापर्यंत तापीही पूर्वेकडून पश्चिमेकडेच वाहते. म्हणजे पाऊस आणि पूर हातात हात घालून खाली येतात. वरचं पाणी पोचेपर्यंत खाली उघाड पडावी, तर तसं होत नाही. वरचं पाणी येतं तेव्हाच खालीही पडत असतं. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्याची बातमी येते तेव्हा तापीकाठची जुनी माणसं स्वतःच्या गावावरचं आभाळ बघत बसत नाहीत, बऱ्हाणपूरकडे काय चाललंय ते विचारतात. तापी आणि पूर्णा दोन्हींचं पाणी हतनूरला जमा होतं हे त्यांना नकाशा न बघता ठाऊक असतं.

तेव्हा पुढच्या वेळी पुराची सांगणी घेताना एक प्रश्न वाढव: वाहून काय आलं? पालापाचोळा, मुळासकट उपटलेलं झाड, सागाचे ओंडके आले असतील तर पाणी डोंगराचं. कडबा, शेणाच्या गोवऱ्या, कुणाच्या घरची पाटी-टोपली आली असेल तर ते वरच्या गावावर पडलेल्या पावसाचं. पाण्याचा रंग विचार. बाया नेमका रंग सांगतात, कारण पुढचे चार दिवस तेच पाणी गाळून प्यायचं त्यांच्याच वाट्याला आलेलं असतं.

आता रागावतो. तू चौदाही जणांना पहिला प्रश्न विचारलास, "तुमच्या आठवणीतली सर्वांत मोठी नैसर्गिक आपत्ती कोणती?" अगं, 'आपत्ती' हा कचेरीतला शब्द. तो कानावर पडला की म्हातारं माणूस टोपी सारखी करतं आणि तहसीलदाराला सांगावं तसं सांगायला लागतं. चौदातल्या अकरा जणांनी बहात्तरचा दुष्काळ सांगितला, आणि अकराही जणांचं सांगणं जवळजवळ एकच: लाल मिलो ज्वारी, वाटपाची सुकडी, खडी फोडायची कामं, पाझर तलाव. खोटं काहीच नाही त्यात. मीही ती सुकडी खाल्लेली आहे. पण अशी सांगणी इथून सोलापूरपर्यंत कुठल्याही गावात मिळेल. तुझं गाव त्यात कुठं दिसतं?

त्याऐवजी विचार, "धाबं कोणत्या साली गळालं?"

तू स्लॅबच्या घरात वाढलीस. आमच्याकडे घर म्हणजे धाब्याचं. लाकडी सऱ्यांवर काड्या-पाला, त्यावर मातीचा जाड थर, वर खारी माती. रोहिणी निघाल्या की गाडीभर खारी आणून धाब्यावर पसरायची हे दर वर्षीचं काम. एखादी जोराची सर आली तर धाबं तिला दाद देत नाही, पाणी पन्हाळीतून निघून जातं. धाब्याचा खरा वैरी म्हणजे झड. बारीक पाऊस चार-पाच दिवस न थांबता लागला की माती आतपर्यंत मऊ होते, मग एका कोपऱ्यात थेंब, मग धार. त्या रात्री माणसं झोपत नाहीत. कणगी ओढायची, खाटेवर गोधड्यांची चळत करायची, घरातली सगळी पातेली गळतीखाली मांडायची. कुणाचं धाबं बसलं, खाली कोण सापडलं, हे गाव विसरत नाही. पर्जन्यमापकात झडीचा आकडा बघशील तर रोजचा वीस-पंचवीस मिलिमीटर, कुणाच्या नजरेत भरणार नाही असा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर सरकारी भाषेत अतिवृष्टी. पाच दिवसांची झड त्या व्याख्येत कधी बसतच नाही. घरं मात्र तिनंच जास्त पाडली. माझ्या आत्याचं घर असंच गेलं, आणि कुठल्याही यादीत ते नाही.

सालाचं म्हणशील तर म्हाताऱ्यांना साल विचारू नकोस, ते तुझं समाधान व्हावं म्हणून काहीतरी सांगून टाकतात. 'कुणाचं लग्न त्या वर्षी झालं', 'धाकटा पोटात होता की मांडीवर', 'शाळेची नवी खोली झाली होती का', असं विचार. लग्नपत्रिका, शाळेचा दाखला, खरेदीखत यांतून साल आपोआप निघतं. आणि महिना विचारायच्या ऐवजी नक्षत्र विचार. मृग ७-८ जूनला लागतं, आर्द्रा २१-२२ जूनला, मघा ऑगस्टच्या मध्याला, हस्त २६-२७ सप्टेंबरला. "मघात नाला चढला" म्हणाले की तुझ्या हातात दोन आठवड्यांचा नेमका तुकडा आला. इंग्रजी महिना विचारशील तर "जुलै-ऑगस्ट असंल" असं गुळमुळीत उत्तर मिळेल. तुझ्या नवव्या आजींनी तर पोळ्याचा आदला दिवस दिलाय! श्रावणी अमावास्येच्या आदल्या दिवसाइतकी पक्की तारीख कुठल्या कलेक्टर कचेरीतही मिळायची नाही. फक्त वर्ष काढायचं राहिलं.

रजिस्टरची एक मेख सांगून ठेवतो, नाहीतर तू उगाच कुणाला खोटं पाडशील. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा धरतात आणि आकडा दुसऱ्या दिवसाच्या तारखेला चढतो. चाळीसगावचा २०२१ चा पूर घे. तितूर आणि डोंगरी या दोन नद्या एकदम चढल्या, शेकडो गुरं गेली, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. पाऊस ३० ऑगस्टच्या रात्रीचा. माणसं "तीस तारखेची रात्र" म्हणतात, कागद ३१ ऑगस्ट म्हणतो. दोघंही खरं बोलतात. पन्नास वर्षांनी तुझ्यासारखीच एखादी पोरगी बसेल आणि समासात लिहील, "तारीख चुकली असावी."

बहात्तरच्या आधीचं जे लिहिलंस त्यात पाहिलेलं आणि ऐकलेलं एकाच शाईनं लिहिलंय. वेगळं कर. तिसऱ्या क्रमांकाचे बाबा छप्पन्या सांगतात. तो दुष्काळ विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. बाबांचा जन्म त्यानंतर चाळीस वर्षांनी. तरी त्यांचं सांगणं टाकायचं नाही, वर लिहायचं, "आजीकडून ऐकलेलं." असं आजीकडून नातवाकडे आलेलं खूप काही आमच्याकडे टिकून आहे. माझ्या आईची आई गिरणेच्या एका जुन्या पुराचं सांगायची, इतकं जुनं की आम्हा पोरांना ती कहाणीच वाटायची. पुढे जिल्ह्याच्या ग्रंथालयात १८८० चं खानदेश गॅझेटिअर चाळताना सप्टेंबर १८७२ चा गिरणा-पांझरेचा पूर सापडला. एकट्या धुळ्यात शेकडो घरं पडली होती. आजीचा पूर तोच की दुसरा, हे काही मी छातीठोक सांगणार नाही. पण त्या दिवसापासून आजीच्या गोष्टींना मी कहाणी म्हणणं सोडलं.

दुष्काळाला दिवस नसतो हे ध्यानात ठेव. पूर एका संध्याकाळचा, गार दहा मिनिटांची, दुष्काळ मात्र कधी सुरू झाला हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून 'पहिला बैल कधी विकला' हा प्रश्न. त्यानंतर बायकोच्या अंगावरचं काय विकलं. त्यानंतर गाव कोण कोण सोडून गेलं आणि कुठे, सुरतेला की मुंबईला. पुरुषमाणूस पहिल्यावर बोलेल, दुसऱ्यावर गप्प होईल. तेव्हा त्याच्या घरातल्या बाईला वेगळं भेट, चुलीपाशी बसून. तुझ्या चौदात बाया फक्त चार आहेत. हे बरोबर नाही.

गारपिटीचं तू थोडं लिहिलंस, आणि इथे मला लिहायला जड जातं, तरी लिहितो.

'लिंबाएवढी गार', 'बोराएवढी गार' या मापांवर फार विसंबू नकोस. गार आठवणीत वाढते. त्यापेक्षा विचार, की दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीच्या सावलीत गारांचा ढीग शिल्लक होता का. बैलाच्या पाठीवर वळ होते का. कौलं फुटली की नुसते पत्रे पोचले. केळीचं पान चिंध्या झालं की घडावरच डाग पडले. आणि आवाज विचार. गार पडायच्या आधी ढगातून एक घरघर येते, लांबून मालगाडी यावी तशी. ती ज्यानं ऐकली तो ती कधी विसरत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी अंग भाजेल असं ऊन, खालून वाफेनं भरलेली गरम हवा वर चढते, आणि उत्तरेकडून आलेली थंड कोरडी हवा तिच्या डोक्यावर बसलेली. ढगातला थेंब वर फेकला जातो, गोठतो, खाली येतो, पुन्हा वर. पेलवेनासा झाला की गार. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर अशी गारपीट झाली तेव्हा काढणीला आलेला गहू-हरभरा जमिनीत दाबल्यासारखा झाला होता.

आमची केळी मात्र गारेनं गेली नाही, वाऱ्यानं गेली. धाकट्या भावाची मृगबाग, नुकती निसवलेली, घड लोंबत होते. मे महिना, संध्याकाळी पश्चिमेकडून धुळीची भिंत उभी राहिली आणि पंधरा मिनिटांत तीन एकर बाग आडवी. निसवलेलं झाड म्हणजे वर ओझं आणि खाली पोकळ पाणचट खोड, वारं-वावधन त्याला काडीसारखं मोडतं. फळपीक विमा काढलेला होता. ७२ तासांच्या आत कळवलंही. पण विम्याच्या अटीत वाऱ्याचा वेग मोजायचा तो मंडळाच्या स्वयंचलित हवामान केंद्रावर, आणि ते केंद्र बागेपासून दहा-अकरा किलोमीटर लांब. तिथे त्या संध्याकाळी पान हललं नव्हतं. झालं. यंत्र खोटं बोललं नाही आणि बागही खोटी पडली नव्हती. भाऊ ती फाईल घेऊन दीड वर्ष फिरला, मग फिरायचं थांबला. त्यानं दुसऱ्याच वर्षी बांधावर शेवरीची दाट ओळ लावली. ती आमच्या आजोबांच्या काळी होतीच, ठिबकची नळी टाकताना यानं स्वतः तोडली होती. हे तो कुणाला सांगत नाही. मी तुला सांगतोय, वहीत घालू नकोस.

पण एक कर. गावात कुणाचं नुकसान झालं की पंचनाम्याची वाट न बघता फोटो काढायला सांग. तारीख-वेळ आणि ठिकाण दिसेल असा फोटो, बांधावरची एखादी न हलणारी खूण चौकटीत येईल असा. ३३ टक्क्यांच्या वर नुकसान धरलं तरच सरकारी मदत, आणि ३३ की ३० हे तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर उभे राहून ठरवतात. त्या वेळी मालकाच्या हातात काही असावं.

उन्हाबद्दल चौदापैकी कुणीच बोललं नाही, लक्षात आलं का? भुसावळ-जळगावचं ऊन वर्तमानपत्रात रोज आकड्यासह छापून येतं, पण आमच्या लोकांच्या लेखी ती घटनाच नाही, तो नुसता वैशाख. ऊन लागून गेलेलं माणूस "बसल्या बसल्या गेलं" एवढंच सांगतात. धाब्याच्या जागी पत्रे आल्यावर घरातलं ऊन किती वाढलं हे विचारून बघ. त्यावर बाया तासभर बोलतील.

विजेचं जपून विचार. सातव्या क्रमांकाच्या घरात वीज पडून माणूस गेलंय हे तुला वहीत लिहिताना कळलं, विचारताना माहीत नव्हतं. अशा घरी पहिल्या भेटीत चहा पिऊन उठायचं. कुणी म्हणेल, तो पायाळू होता म्हणून वीज त्याच्यावर आली. वाद घालू नकोस, हसूही नकोस, जसं सांगतील तसं लिही. मात्र तिथून उठताना घरातल्या पोराच्या मोबाईलवर विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप टाकून दे आणि सांग, की वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजायचं, तीन सेकंदांना एक किलोमीटर. लिंबाखाली उभं राहायचं नाही. माझ्या चुलत्यांची बैलजोडी लिंबाखालीच गेली. दावणीला बांधलेली, दोन्ही एकदम.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, घागरीवर तू पानभर लिहिलंस ते मला आवडलं. चार ढेकळांवर घागर ठेवायची, एकेक ढेकूळ एकेका महिन्याचं, जे जास्त भिजेल त्या महिन्यात पाऊस जास्त. नोकरीत असताना मी काही वर्षं ढेकळं आणि रजिस्टर ताडून पाहिलं होतं. कधी जुळायचं, कधी नाही, नाणं उडवावं तसं. पण घागरीभोवती बसून घरातले सगळे त्या दिवशी ठरवायचे, बाजरी किती, कापूस किती, बियाणं उसनं कुणाकडून. पाऊस कळो न कळो, पेरणी ठरायची. तू फक्त घागर लिहिलीस. तिच्याभोवती बसून लोक काय बोलत होते तेही विचार.

आता पुन्हा नवव्या आजी. पत्राच्या शेवटी तू ओझरतं लिहिलंस, की नाल्याकाठच्या मोकळ्या जागेवर अंगणवाडीची खोली होणार आहे, मार्किंग झालंय. आणि आजींच्या सांगणीत आहे, "मरीआईच्या ओट्यापाशी पाणी कमरेएवढं होतं." तुमच्या गावी मी दोनदा आलोय, माझ्या आठवणीप्रमाणे तो ओटा त्या जागेच्या समोरच, रस्ता ओलांडून. बरोबर ना?

तर मग कमरेएवढं म्हणजे कुणाच्या कमरेएवढं? आजी तेव्हा परकरात होत्या, नऊ-दहा वर्षांच्या. नऊ वर्षांच्या पोरीची कंबर म्हणजे दोन-अडीच फूट. मोठ्या माणसाची कंबर धरलीस तर तीन-सव्वातीन. अंगणवाडीची ती जागा धोक्याची म्हणालीस की सरपंच पहिलाच आक्षेप हा घेतील. आणि दुसरा असा, की तो रस्ता तेव्हा होता तिथे आज आहे का? मुरूम पडला, खडी पडली, डांबर, मग सिमेंट काँक्रीट. दर थराला रस्ता वर आला. ओट्याच्या पायऱ्या आधी किती होत्या आणि आज किती दिसतात ते मोज. दोन पायऱ्या जमिनीत गेल्या असतील तर तेव्हाचं कमरेएवढं पाणी आज गुडघ्याला लागेल. आणि ज्या जागेवर अंगणवाडी होणार, तिथे भराव पडलेला नसेल, तर तिथे ते आजही कमरेएवढंच आहे. अंगणवाडीतल्या पोरांची कंबर किती असते ते तुला सांगायला नको.

आजींना तिथे घेऊन जा, चालवत नसेल तर रिक्षातून. काही विचारू नकोस, नुसती उभी कर आणि म्हण, "हात लावून दाखवा." ओट्याच्या दगडावर कुठे हात ठेवतात तिथे खडूनं रेघ ओढ. कुणाची तरी साक्ष ठेव, जमलं तर त्यांच्याच वयाचं कुणी, आणि त्याला आजींची रेघ आधी दाखवू नकोस. त्याचाही हात कुठे जातो ते बघ. मग गवंड्याकडची लेव्हलची पाण्यानं भरलेली नळी आण. एक टोक रेघेला, दुसरं मार्किंगच्या खुंटीपाशी, पाणी जिथे स्थिर होईल तिथे दुसरी रेघ. नळी धरायला दोन पोरं लागतील. तुला ते येत नसेल तर मी येतो, पोळ्यानंतर मोकळाच आहे. काकूला कळण्याची भाकरी करता येत नाही असं ती आता म्हणायला लागली आहे, तेव्हा ती तुझ्या आईनं करून ठेवावी.

आणि हो, वहीत आणखी एके ठिकाणी आजी म्हणतात, गोठ्याच्या भिंतीला "दोन हात" पाणी चढलं होतं. आपण हात म्हणजे दीड फूट धरून मोकळे होतो. तसं करू नकोस. त्यांचा स्वतःचा हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, टेपनं मोजून घे आणि इंचात लिहून पाठव.

तुझा,
नाना